पहिली हिरोईन पुरुष होता, यात हसण्यासारखं काय?

ती रील दर थोड्या दिवसांनी फोनवर येतेच. 'भारतीय सिनेमाची पहिली हिरोईन चक्क पुरुष होता!' खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. माझं भांडण त्या हसण्याशी आहे.

अण्णा साळुंके मुंबईत ग्रँट रोडच्या एका हॉटेलात कामाला होते. पगार महिना १० रुपये. दादासाहेब फाळक्यांनी १५ देऊ केले आणि 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) त्यांना तारामती केलं. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच!

आता आपल्या सांगलीकडे बघा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथे 'सीता स्वयंवर' केलं. बायकांची कामं पुरुषांनीच केली. त्यावर कुणी मीम करत नाही. पलूसजवळचं नागठाणे बालगंधर्वांचं नाव अभिमानाने सांगतं. त्यांची साडी बघून घरंदाज बायका नेसायला शिकल्या, हे आपण कौतुकाने ऐकवतो. मग साळुंक्यांचीच गंमत का? बालगंधर्वांचा गळा थोर होता, मान्य. पण मूकपटात गळा दाखवायचा कुठे? तिथे सगळं डोळ्यांनी आणि हातांनीच सांगावं लागे.

'बाई मिळाली नाही' हेही अर्धसत्य आहे. त्याच काळात, तेव्हा सातारा जिल्ह्यात आणि आता सांगलीत असलेल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव तमाशा गाजवत होते आणि त्यांच्या फडात पवळा नाचत होती. म्हणजे बायका होत्या. त्यांना इज्जत नव्हती. सिनेमाला तर त्याहून कमी. म्हणून फाळक्यांनी विचारल्यावर नाचगाणं करणाऱ्या बायकांनीही नकार दिला. तरी त्याच १९१३ मध्ये 'मोहिनी भस्मासुर'साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. त्या दोघींची रील तुम्हाला कधी आली?

साळुंक्यांना साडी नेसावी लागली ती समाजाने बाईला अडवलं म्हणून. हसायचंच असेल तर त्या समाजाला हसा. पण जपून. जत्रेत फडातल्या बाईवर नोटा उधळायच्या आणि घरातली पोरगी नाटकात काम करते म्हटली की दार लावायचं, असे लोक आजही आपल्याच गावात आहेत. कदाचित आपल्याच घरात.

पुढच्या वेळी ती रील आली की इमोजीच्या जागी एवढंच लिहा: अण्णा साळुंके, नट.