यादीतले पहिले नाव

आवडत्या गवयांची यादी करायला कुणी बसू नये. दोन नावे लिहून होत नाहीत तोच घरातली माणसे भांडायला उठतात. माझ्या यादीत पहिले भीमसेन जोशी. दुसऱ्या हिराबाई बडोदेकर. सौभाग्यवतींना तिथे माणिक वर्मा हव्या होत्या. त्यांना तिसरी जागा दिली, तेव्हा कुठे चहा मिळाला. चौथ्या केसरबाई केरकर. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. त्यांना माझ्या क्रमांकाची काय मातब्बरी!

कुमार गंधर्वांचे नाव मात्र मी वर्षानुवर्षे गाळीत आलो. वडिलांचे ते दैवत. मला ते तुकड्यातुकड्यांचे गाणे रुचत नसे. कॉलेजात असताना एकदा बोलून गेलो, "दमच नाही हो!" वडील एवढेच म्हणाले, "क्षयाने एक फुप्फुस गेले होते त्यांचे. देवासला कित्येक वर्षे गाणे बंद होते. त्यातून उठून गायले ते." मला वाटले, हे सवलतीचे गुण.

गेल्या वर्षी वडिलांना धाप लागू लागली. एकेक वाक्य तीन तुकड्यांत बोलत. पण कुठे थांबायचे ते त्यांना नेमके कळे. "बाळ" म्हणून थांबत, आणि पुढचे सगळे त्या थांबण्यातच येई. रात्री त्यांच्या उशाशी कुमारांची निर्गुणी भजने हळू आवाजात लावून ठेवीत असू. मीही ऐकत बसे.

यंदा यादीतले पहिले नाव बदलले आहे. भीमसेनांवर राग नाही. सौभाग्यवतींनी कागद वाचला, आणि या खेपेला वाद घातला नाही.