उसन्या नावांचा हिशेब

मंडळी, निवृत्तीनंतर हौस म्हणून हॅस्केल ही संगणकाची भाषा शिकतो आहे. तिथली एक सवय मला खटकते, म्हणून हे चार शब्द.

हॅस्केलमध्ये एक मॉड्यूल दुसऱ्याकडून घेतलेली नावं स्वतःच्या यादीत घालून पुढे देऊ शकतं. याला री-एक्सपोर्ट म्हणतात. एक ओळ इम्पोर्ट केली की दहा नावं हाती! एरवी कबाल हे साधन कडक आहे. जे पॅकेज तुम्ही प्रकल्पाच्या फाइलीत लिहिलं नाही, त्यातलं मॉड्यूल ते थेट इम्पोर्ट करू देत नाही. री-एक्सपोर्टमधून आलेल्या नावाला मात्र कुणी अडवत नाही. पाहुण्याबरोबर आलेला पाहुणा तो! पंगतीत बसतो, पण त्याचं गाव यजमानाला ठाऊक नसतं.

२०२२ साली याचा प्रत्यय आला. 'एमटीएल' या फार वापरातल्या पॅकेजची २.३ आवृत्ती निघाली. तोवर त्याचं 'कंट्रोल.मोनाड.स्टेट' हे मॉड्यूल घेतलं की 'व्हेन', 'फॉरएव्हर' अशी नावंही सोबत मिळत. ती मूळची 'बेस' पॅकेजातल्या 'कंट्रोल.मोनाड'ची. नव्या आवृत्तीने हा री-एक्सपोर्ट काढला आणि कितीतरी प्रकल्प 'हे नाव ओळखीचं नाही' म्हणून अडले. उपाय एका ओळीचा होता, 'कंट्रोल.मोनाड' स्वतः इम्पोर्ट करणं. पण तो शेकडो ठिकाणी करायचा होता.

दोष कुणाचा? माझ्या मते पॅकेजवाल्यांचा नव्हे. २.२ चं २.३ करणं म्हणजे हॅस्केलच्या प्रथेप्रमाणे 'जुनं काही मोडेल' असा इशाराच असतो. ज्यांनी २.३ च्या खालचीच आवृत्ती चालेल असं लिहून ठेवलं होतं, त्यांचं काम थांबलं नाही.

री-एक्सपोर्ट नकोच, असं मी म्हणत नाही. माझं फंक्शन दुसऱ्या पॅकेजातला प्रकार परत देत असेल, तर तो प्रकारही मीच पुढे द्यावा. वापरणाऱ्याने तो शोधत का फिरावं? पण देणाऱ्याने दिलं ते वचन समजून द्यावं, आणि घेणाऱ्याने नाव मूळ घरून घ्यावं. मूळ ग्रंथ न उघडता दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेला हवाला आपण विद्यार्थ्याला खपवून घेत नाही. मग इथेच का घ्यावा? आपल्यामागून तो प्रोग्रॅम सांभाळणाऱ्याला निदान कोण कुठून आलं ते कळायला हवं.

असो. पटलं तर घ्या.