आधी यादी, मग स्कॅन : शाळेच्या जुन्या रजिस्टरांचं काय करायचं?



आज नेहमीपेक्षा थोडा वेगळा विषय घेतलाय. पाठ नाही, उपक्रमही नाही. विषय आहे शाळेच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटाचा. त्या कपाटात, बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या कप्प्यात, जाड पुठ्ठ्याचं आणि कोपरे झिजलेलं जनरल रजिस्टर असतं. कुणी त्याला दाखल-खारीज म्हणतं, कुणी प्रवेश-निर्गम. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, जात, आल्याची तारीख आणि गेल्याची तारीख त्यात असते.

सध्या जिकडे तिकडे एकच वाक्य ऐकू येतं, "हे सगळं स्कॅन करून टाका, म्हणजे काम झालं." स्कॅन व्हायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की स्कॅन करणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. त्याआधी ज्या गोष्टी ठरवायच्या असतात त्या ठरवल्या नाहीत, तर कपाटातला ढीग फक्त कॉम्प्युटरमध्ये जाईल. ढीग तो ढीगच राहील.

एका ओळीवर काय अवलंबून असतं?

जात पडताळणीसाठी धावपळ करणारे पालक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. मुलाला इंजिनिअरिंगला किंवा मेडिकलला राखीव जागेवर प्रवेश हवा असतो आणि समितीपुढे जुना पुरावा ठेवायचा असतो. त्यासाठी ठरलेल्या तारखा आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचा कागद हाती असेल तर त्याला फार वजन असतं.

आता विचार करा, १९५० च्या आधीचा कागद गरिबाच्या घरात कुठून असणार? जमीन नाही, म्हणून सातबारा नाही. नोकरी नाही, म्हणून सेवापुस्तक नाही. पण आजोबा दोन वर्षं का होईना शाळेत गेले असतील, तर आपल्या रजिस्टरमध्ये त्यांची एक ओळ आहे. नातवाचं वर्ष त्या ओळीवर अडलेलं असतं.

२०२३ मध्ये मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी तपासलेल्या जुन्या कागदांत शाळांची रजिस्टरंही होती. काही नोंदी मोडीत, काही उर्दूत. कागद असूनही तो वाचणारा माणूस शोधावा लागत होता. आरक्षणाबद्दल कुणाचं मत काहीही असो, शाळेचं रजिस्टर किती मोलाचं आहे हे तेव्हा सगळ्यांनाच कळलं.

आणि हा ठेवा आपण ठेवतो कुठे? खालच्या कप्प्यात. वाळवी तिथूनच लागते. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर आठवा, जुलै २०२१ चा चिपळूण-महाडचा आठवा. पाणी आत शिरलं की आधी तळचा कप्पा भिजतो. त्यामुळे रजिस्टर वरच्या कप्प्यात ठेवणं ही या सगळ्या योजनेची पहिली पायरी समजा. तिला ना निधी लागतो ना परिपत्रक.

आधी प्रश्न ठरवा

आपण टाचण काढताना आधी अध्ययन निष्पत्ती बघतो, मग साहित्य गोळा करतो. इथेही तसंच आहे. कोणता स्कॅनर घ्यायचा हा नंतरचा प्रश्न. लोक या रजिस्टरकडे काय विचारायला येतात, हा पहिला.

साधारण तीन प्रकारची माणसं येतात. पहिल्याला फक्त नाव माहीत असतं, "आमचे आजोबा इथे शिकले, पन्नास सालच्या आसपास." दुसऱ्याकडे जुना दाखला असतो, त्यावर रजिस्टर नंबर असतो आणि त्याला निर्गम उतारा हवा असतो. तिसरा अधिकारी असतो. दिलेला उतारा खरा आहे ना, मूळ नोंदीत खाडाखोड नाही ना, हे त्याला बघायचं असतं.

पहिल्याला नावांची यादी लागते. दुसऱ्याला कोणता नंबर कोणत्या पानावर आहे ते लागतं. तिसऱ्याला स्वच्छ रंगीत प्रतिमा लागते आणि शेवटी मूळ रजिस्टरही लागतं. या तिघांची सोय झाली तर आपली पद्धत चांगली. "पान १" ते "पान ३००" अशी नुसती एक पीडीएफ बनवली, तर पहिल्या माणसासाठी आपल्याला पुन्हा पानंच उलटावी लागणार. फक्त आता बोटाऐवजी माउसने.

जरा हिशेब करू

समजा ३०० पानांचं रजिस्टर आहे आणि प्रत्येक पानावर २० नावं आहेत. पान नीट ठेवून प्रतिमा घ्यायला एक मिनिट धरलं, तर ३०० मिनिटं म्हणजे ५ तास. आता यादी. नावं झाली ६०००. जुनं अक्षर वाचून एक नोंद टाइप करायला दीड मिनिट धरलं, तर ९००० मिनिटं. म्हणजे १५० तास!

स्कॅनला ५ तास आणि यादीला १५०. खरं काम कुठे आहे ते यावरून कळतं. ज्या योजनेत स्कॅनिंगचेच पैसे धरलेत आणि यादीचा उल्लेखच नाही, ती योजना अर्धीसुद्धा नाही.

मग घाबरून सोडून द्यायचं का? नाही. टप्पे पाडायचे. पहिल्या टप्प्यात फक्त पानांची यादी करायची : या पानावर कोणत्या नंबरापासून कोणत्या नंबरापर्यंत नोंदी आहेत आणि कोणत्या वर्षाच्या. हे काम ३०० ओळींत संपतं. नंबर माहीत असणाऱ्याची सोय तेवढ्यानेच होते. दुसऱ्या टप्प्यात १९६७ पर्यंतच्या नोंदींची नावानिशी यादी करायची, कारण गरज सगळ्यात जास्त त्यांचीच आहे आणि झिजलेली पानंही तीच आहेत. नंतरची वर्षं सवडीने.

यादी कशी लिहायची?

इथे आपल्या भाषेची गंमत येते. जुन्या नोंदीत आडनाव नसतंच कधी कधी, नुसतं "धोंडी बिन राघू" असतं. एकच नाव कुठे "विठ्ठल", कुठे "विठल", कुठे "विठू". जात कुठे पूर्ण लिहिलेली, कुठे फक्त "कु." एवढंच.

म्हणून यादीत दोन रकाने हवेत. एकात रजिस्टरमध्ये जसं आहे अगदी तसंच, चूक असेल तर चुकीसकट. दुसऱ्यात शोधण्यासाठी आजच्या पद्धतीचं नाव. पहिल्या रकान्याला हात लावायचा नाही. "कु." म्हणजे काय याचा निर्णय यादी करणाऱ्याने घ्यायचा नसतो, तो समितीचा अधिकार आहे. वाचता आलं नाही तर "वाचता येत नाही" असं लिहावं. अंदाजाने भरलेलं नाव रिकाम्या जागेपेक्षा वाईट.

टायपिंग युनिकोडमध्येच हवं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली यादी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात आणि त्यात शोधताही येत नाही. आणि हो, "सॉफ्टवेअर आपोआप वाचेल" यावर विसंबू नका. छापील मराठी मशीन बऱ्यापैकी वाचतं. पण शाईच्या टाकाने लिहिलेलं, पाणी लागून फुटलेलं अक्षर वाचायला आजही माणूस लागतो, शक्यतो गावातली आडनावं माहीत असलेला.

स्कॅन करताना

चार गोष्टी सांगतो, त्या अनुभवाच्या आहेत.

पहिली, रंगीतच घ्या. मूळ नोंद काळ्या शाईत आणि दुरुस्ती लाल शाईत सहीसह असते. कृष्णधवल प्रतिमेत हा फरक पुसला जातो, आणि अधिकाऱ्याला नेमका तोच बघायचा असतो. स्पष्टतेसाठी ३०० डीपीआय पुरतं.

दुसरी, जनरल रजिस्टरची एक ओळ बहुधा समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेली असते. डावीकडे नाव, उजवीकडे शाळा सोडल्याची तारीख आणि शेरा. दोन्ही पानं एकाच प्रतिमेत यायला हवीत, नाहीतर ओळ तुटते. घरगुती ए-फोर स्कॅनरवर ते मावत नाही. वरून फोटो घेणारा स्कॅनर बरा. सोयीसाठी शिवण उसवून पानं सुटी करू नका. फाटक्या पानाला सेलोटेपही लावू नका, काही वर्षांनी तो पिवळा पडून अक्षरच घेऊन निघतो.

तिसरी, फाइलला नाव आकड्यांचं द्या. शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक, मग रजिस्टर क्रमांक, मग पान क्रमांक. "नवीन फोल्डर २" मध्ये "स्कॅन फायनल" नावाची फाइल सापडली, तर ती कोणत्या शाळेची हे दहा वर्षांनी कोण सांगणार?

चौथी, मूळ रजिस्टर जपायचंच. स्कॅन झालं म्हणून ते रद्दीत जाऊ शकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून द्यायची, तर कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. प्रतिमेमुळे मूळ पानाची हाताळणी कमी होते, हा तिचा मोठा फायदा. पण ती मूळ पानाची जागा घेत नाही.

ठेवायचं कुठे, दाखवायचं कुणाला?

एका शिक्षकाच्या खासगी ईमेलवर शाळेचं सगळं रेकॉर्ड ठेवणं बरोबर नाही. बदली झाली की चार्ज देताना रजिस्टर मोजून दिलं जातं, पासवर्ड मात्र कुणी देत नाही. म्हणून खातं शाळेच्या नावाचं हवं आणि चार्ज यादीत त्याची नोंद हवी. प्रती किमान तीन : एक शाळेत, एक दुसऱ्या गावी म्हणजे केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीत, एक शासनाच्या सर्व्हरवर. वर्षातून एकदा त्या उघडून बघायच्या. उघडून न पाहिलेली प्रत आहे असं धरून चालायचं नाही.

आणि कृपा करून रजिस्टरच्या पानाचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. एका पानावर वीस घरांची जात आणि जन्मतारीख असते. मागणारा एकच असतो, बाकीच्या एकोणीस घरांनी परवानगी दिलेली नसते. ज्याची नोंद आहे त्याला किंवा त्याच्या वारसाला, अर्ज घेऊन, त्याच ओळीचा उतारा द्यायचा आणि कुणाला काय दिलं याची वहीत नोंद ठेवायची. पद्धत कागदाच्या काळातलीच आहे, कॉम्प्युटर आला म्हणून ती सोडायचं कारण नाही.

मग हे करायचं कुणी?

इथे मी शिक्षकांच्या बाजूने बोलणार. "उद्या दुपारपर्यंत सर्व रजिस्टर मोबाइलवर स्कॅन करून पाठवा" अशा निरोपाने हे काम होत नाही. तिरकी, सावली पडलेली, अर्धी कापलेली पानं गोळा होतात आणि काम झालं असा अहवाल वर जातो. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ मध्ये शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं म्हटलं आहे. १५० तास म्हणजे वर्गातल्या मुलांचे १५० तास. ते कुठून काढायचे?

माझ्या मते हे काम तालुक्याच्या पातळीवर, निधी धरून व्हायला हवं. चांगला स्कॅनर घेऊन एक पथक शाळेत यावं. रजिस्टर शाळेबाहेर जाऊ नये. टायपिंग पगारी माणसाने करावं, मोडी आणि उर्दूसाठी जाणकार द्यावेत. मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीने प्रत्येक रजिस्टरमधली काही पानं यादीशी ताडून बघावीत आणि मगच सही करावी. आपली भूमिका तपासणाऱ्याची, कारण अक्षर आणि गाव दोन्ही आपल्याला माहीत आहे.

पालकांनाही एक विनंती. जून महिन्यात मुलाचं नाव घालताना नाव, जन्मतारीख आणि जात रजिस्टरमध्ये कशी लिहिली गेली ते स्वतः वाचून बघा. वाचता येत नसेल तर आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. तेवढा वेळ आम्ही दिलाच पाहिजे. आज लिहिलेली ओळ पन्नास वर्षांनी कुणाच्या तरी नातवाला लागणार आहे.

तुमच्या शाळेतलं सगळ्यात जुनं रजिस्टर कोणत्या सालचं आहे? या आठवड्यात कपाट उघडून एकदा बघा. ते खालच्या कप्प्यात असेल, तर आजच वर ठेवा.