हॅपी गुड फ्रायडे!

गेल्या वर्षी मी एक पराक्रम केला. गुड फ्रायडेच्या सकाळी, कोकणकन्येच्या वरच्या बर्थवर लोळत, ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकला, 'हॅपी गुड फ्रायडे!' सोबत दोन फुगे. तीन दिवसांची सुट्टी, तिकीट कन्फर्म, कणकवली तासाभरावर... हॅपी नाही तर काय? पाच मिनिटांत शेजारच्या क्युबिकलमधल्या मैत्रिणीचा पर्सनल मेसेज, 'अरे बाबा, आज आमच्याकडे सुतक असल्यासारखं असतं. हॅपी रविवारी म्हण.'

ती मूळची मालवणची, कॅथलिक, आणि मालवणी माझ्यापेक्षा फर्डी बोलते. तीही घरी आली होती. रविवारी दुपारी आईने केलेला केक घेऊन स्कूटरवरून थेट आमच्या मसुऱ्याला हजर. आजीला भेटायला. त्याआधीच्या पावसाळ्यात आमचे आबा गेले होते. ते गेले तेव्हा मी मुंबईत रिव्ह्यू मीटिंगमध्ये होतो. मोबाइल सायलेंटवर. तीन मिस्ड कॉल. दहाव्याला कावळा काही केल्या शिवेना, तेव्हा सगळे माझ्याकडेच बघतायत असं मला वाटत होतं.

तेव्हापासून आजीचं एकच पालुपद. आता खय असतील? कुणाच्या पोटी इले असतील? ओसरीवर चहा पिताना तिने तेच मैत्रिणीला विचारलं. तुमच्यात काय म्हणतात गो?

आता खरं सांगतो, ईस्टर म्हणजे आपल्या पुनर्जन्माचंच ख्रिस्ती व्हर्जन, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. तारखेवरून तर घरचाच सण वाटतो. २१ मार्चनंतरची पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार, म्हणजे कधी होळीची पौर्णिमा, कधी हनुमान जयंतीची. पण मैत्रिणीने माझी दांडीच उडवली. म्हणाली, पुनर्जन्मात आत्मा जुनं शरीर टाकतो आणि नवं घेतो. नवं नाव, नवं घर. मागचं काही आठवत नाही. पुनरुत्थानात तोच माणूस उठतो, शरीरासकट. म्हणजे मेलेला जिवंत होऊन पुन्हा कधीतरी मरणार, तसंही नव्हे. लाझरसला येशूने उठवलं, पण तो पुढे मरणारच होता. येशू उठला तो मरणाच्या पलीकडे. आणि जे त्याचं झालं ते शेवटच्या दिवशी सगळ्यांचं होणार, ही त्यांची श्रद्धा. संत पौलाने करिंथच्या मंडळींना स्पष्टच लिहिलंय की हे झालंच नसेल तर बाकीचा सगळा विश्वास फुकट. मला हा रोखठोकपणा आवडला.

मग तिने थॉमसची गोष्ट सांगितली. हातातल्या खिळ्यांच्या खुणा बघितल्याशिवाय मानणार नाही म्हणणारा. येशूने त्याला त्या दाखवल्या. म्हणजे मरणावर मात केली, पण जखमांचे वण काही पुसले गेले नाहीत!

आजी एकदम सरसावून बसली. "हातावरचो वण तसोच रवलो? मगे ह्येंचो अंगठोय तसोच असतलो." आबांच्या डाव्या अंगठ्यावर कोयत्याचा मोठा वण होता. लहानपणी आम्ही त्यावरून बोट फिरवायचो.

हे सगळं मराठीला नवं नाही बरं का. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली. 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं १६१६ मध्ये. सुमारे ११ हजार ओव्या! आणि आपण 'हॅपी गुड फ्रायडे' टाकतो.

पण माझ्यात घुसली ती समुद्रकाठची, सॉरी, तळ्याकाठची गोष्ट. शिष्य रात्रभर जाळं टाकतात, एक मासा नाही. पहाटे काठावरून कोणीतरी ओरडतं, उजवीकडे टाका. जाळ्यात १५३ मासे. काठावर येतात तर कोळशांवर मासे भाजतायत, भाकर तयार, आणि येशू म्हणतो, या, न्याहारी करा. मरण जिंकून आल्यावर माणूस काय करतो, तर मासे भाजतो! त्या न्याहारीनंतर तो पेत्राला विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस ना? तीनदा. कारण अटकेच्या रात्री पेत्राने त्याला ओळखत नाही म्हणून सांगितलं होतं. तेही तीनदा. रागावत नाही, हिशेब मागत नाही. काम देतो, माझी मेंढरं सांभाळ.

मी गप्प बसलो होतो. मैत्रिणीला मिस्ड कॉलचं माहीत नव्हतं.

मला हे सगळं पटतं का? नाही. म्हणजे शेवटच्या दिवशी मसुऱ्याचं स्मशान उठून बसेल, असं काही मी मानत नाही. पण आबा नव्या नावाने कुठेतरी रांगत असतील आणि मला ओळखणारही नाहीत, याने मला कधी बरं वाटलं नव्हतं. मला तेच आबा हवे होते. अंगठ्यासकट. दोन शब्द सुनावणारे.

"मासे खयचे गो?" आजीने मध्येच विचारलं.

"तळ्यातले, आजी."

"गोड्या पाण्यातले? त्येंका काय चव?"

मैत्रीण हसून हसून लोळली. ती गेल्यावर आजीने केकचा एक तुकडा काढून मागच्या पडवीच्या कठड्यावर ठेवला. कावळ्यासाठी. कावळ्याआधी शेजारची मांजर आली.