माळवदावर माती किती?



वैशाखाची उन्हे तापू लागली की मराठवाड्यात आणि सोलापूरकडे, जिथे जिथे अजून माळवदाची घरे उभी आहेत तिथे, एक काम हमखास निघते. पांढरीची माती आणायची, ती माळवदावर पसरायची, चोपायची आणि मृगाच्या आधी घर पावसाला तयार करायचे. पूर्वी गाडीबैल जुंपून माती आणीत, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येते. काम तेच आहे, पण ट्रॉलीमुळे एक फरक पडला. गाडीच्या चार खेपांत जेवढी माती येई तेवढी ट्रॉलीच्या एका खेपेत येते, आणि आणलेली माती परत कोण नेणार म्हणून सगळीच वर चढते. आज मला या मातीविषयीच चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आधी या मातीचा गुण समजून घेऊ. आपल्याकडे शिवाराला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात. काळीत पिकवायचे आणि पांढरीत राहायचे, अशी जुनी वाटणी. पांढरीची टेकाडे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या घरांच्या भिंती, चुलींची राख, गोठ्यांतले शेणमूत, असे सगळे मिसळून झालेली माती. तिच्यात क्षार भरपूर असतात. शेतातली चोपण जमीन आपण पाहतोच. पाऊस पडला की वरून चिकट होते, पाणी आत मुरत नाही, पीक पिवळे पडते. त्या जमिनीत सोडियम जास्त असतो. त्यामुळे मातीचे बारीक कण एकमेकांपासून सुटतात आणि मातीतली छिद्रे बुजवून टाकतात. पांढरी मातीही माळवदावर हेच करते. पहिल्या पावसात तिचा वरचा पापुद्रा ओला होऊन बंद होतो आणि पुढचे पाणी पन्हाळीकडे धावते. जो गुण शेतात शाप ठरतो तोच छपरावर आपल्या कामी येतो. जिप्सम टाकून चोपण जमीन सुधारा असे मी शेतकऱ्यांना सांगत आलो. माळवदाच्या मातीत मात्र जिप्समचा कणही जाऊ देऊ नका.

काळी माती माळवदाला चालत नाही, हे घरातली म्हातारी माणसेही सांगतील. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि त्या भेगांतून पाणी थेट चुलीवर उतरते. आणलेली माती चांगली आहे की नाही हे पाहायचे असेल तर तिचा चिखल करून एक जाडशी वाटी बनवा. सावलीत वाळू द्या. भेग पडली नाही तर तिच्यात पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळपर्यंत वाटीत पाणी टिकले आणि तळ फारसा ओला झाला नाही तर माती उत्तम समजा. प्रयोगशाळेची गरज नाही.

माती आणतानाही जपावे. टेकाडाच्या पायथ्याशी कपार करून माती ओढण्याची सवय फार वाईट. वरचा कडा केव्हा अंगावर येईल सांगता येत नाही, आणि माती उकरायला बहुधा घरातल्या बायकाच जातात. वरून पायऱ्या पाडत खाली यावे, लहान मुलांना जवळ फिरकू देऊ नये. पुन्हा, सगळीच पांढरी उकरण्याजोगी नसते. तेर हे प्राचीन तगर नगर. तिथल्या पांढरीतून निघालेल्या किती तरी वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केल्या आणि त्यांच्या नावाचे संग्रहालय आज तिथे आहे. पुरातत्त्व खात्याचा फलक असलेल्या जागी टिकाव लावू नये, आणि दुसरीकडेही जुनी भांडी-नाणी निघाली तर काम थांबवून तहसील कचेरीला कळवावे.

आता मुख्य मुद्दा वजनाचा. तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचण, त्यावर लिंबाचा नाहीतर पळसाचा पाला, त्यावर चिखल आणि सगळ्यांत वर पांढरी माती, अशी माळवदाची बांधणी. बांधले तेव्हा वरचा थर बेताचाच असतो. पुढे दर वर्षी गळते म्हणून माती पडते. जुनी कोणी काढत नाही. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, आपणही टाकली. दर वर्षी अर्धा इंच धरला आणि निम्मा पावसात वाहून गेला असे मानले, तरी चाळीस वर्षांत दहा इंच वाढतात.

याचा हिशेब करा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद एवढ्या जागेवर एक इंच कोरडी, चोपलेली माती म्हणजे पावणेचार क्विंटलच्या आसपास वजन. फूटभर थर असेल तर पंचेचाळीस क्विंटल. क्विंटलभराची पंचेचाळीस पोती ज्वारी कोणी तुमच्या माळवदावर रचू लागला तर तुम्ही रचू द्याल का? भिजल्यावर हेच वजन पन्नास क्विंटलच्या पुढे जाते. आणि हा सगळा भार ज्या तुळईवर असतो तिचे भिंतीत गेलेले टोक ओल आणि वाळवीने आतून पोखरलेले असू शकते. बाहेरून ते दिसत नाही.

हे मी उगाच भीती घालण्यासाठी लिहीत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, किल्लारी-सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला, त्याला आता तीस वर्षे उलटून गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे घरात निजली होती. सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक जमिनीच्या हादऱ्याने गेली नाहीत, तर जाड दगडी भिंती आणि वरची माती अंगावर आल्याने गेली. कित्येक घरांवर दीड-दोन फूट मातीचा थर होता. मातीत रचलेल्या दगडी भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना बांधलेले नव्हते. ते दोन बाजूंना सुटले आणि मधला भराव ढासळला. भूकंप रोज होत नाही हे खरे. पण २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली त्या वेळीही जुन्या मातीच्या घरांची फार पडझड झाली. दोन्ही वेळी भिजलेली किंवा हादरलेली भिंत आणि डोक्यावरचा भार यांनीच घात केला.

तेव्हा यंदा माती आणण्याआधी थर मोजा. त्यासाठी माळवद उकरण्याची गरज नाही. उजेडासाठी ठेवलेले सवणे असतेच; त्याच्या कडेला पट्टी लावली की थर कळतो. उतार चांगला असेल आणि माती नीट चोपलेली असेल तर सहा ते आठ इंच थर पुरेसा आहे. त्याहून जास्त असेल तर यंदा माती चढवायची नाही, उतरवायची.

उतरवण्याचे काम मृगाच्या किमान महिनाभर आधी, कोरड्यात करावे. आधी घर रिकामे करा. घरात माणूस, जनावर, पाळणा काही ठेवू नये. खालून तुळया आणि कड्या टोचून पाहा. विळ्याचे टोक लाकडात सहज शिरले तर तिथे आधी टेकू द्या, मग वर चढा. वर एका वेळी दोन-तीन माणसांपेक्षा जास्त नकोत. दोन्ही बाजूंनी सारखी माती काढत यावे. एका बाजूची काढून दुसऱ्या बाजूवर ढीग घालू नये. काढलेली माती चाळून घ्या, तीच पुन्हा वरच्या थराला वापरता येते. नवी आणायची गरजही बऱ्याचदा उरत नाही. थर खाली आला की मधे जाड प्लास्टिकचा अखंड कागद अंथरून वर चार इंच माती घातली तरी काम भागते. भूकंपानंतर घरदुरुस्तीचा जो सल्ला दिला गेला त्यात हा उपायही होता. कागदाला ठिगळे असतील तर वरच्या बाजूचा तुकडा खालच्यावर हातभर यावा, कौलांसारखा.

पन्हाळीकडे दर तीन फुटांना एक इंच तरी उतार हवा. दोरी लावून पाहा. उतार नसेल तर फूटभर माती टाकूनही माळवद गळणारच, आणि उतार असेल तर थोडी मातीही पुरते. गळतीचे दुसरे कारण म्हणजे उंदराची बिळे आणि उगवलेले गवत. गवत नुसते कापू नका, मुळासकट उपटा आणि भोकात माती ठासा. मुळे कुजली की तिथे पाण्याला नळीच तयार मिळते. पिंपळाचे रोप तर बोटभर असतानाच काढावे. वर कडब्याच्या गंजी, तुरीच्या पळाट्या, जुने दगड-लाकूड साठवण्याची सवयही सोडा. कडबा भिजल्यावर किती जड होतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

भिंतीकडे वळू. मातीची भिंत वरून कमी आणि पायथ्यातून जास्त खराब होते. न्हाणीचे पाणी, रांजणाखालची ओल, भिंतीला लागून केलेला उकिरडा, घुशींची बिळे, ही तिची दुखणी. भिंतीला लोणा लागला असेल, म्हणजे पापुद्रे सुटून पांढरी भुकटी झडत असेल, तर ओल खालून चढते आहे हे ओळखा. पाण्याला दुसरीकडे वाट द्या, भिंतीच्या कडेने बाहेरच्या अंगाला उतार करून मुरूम चोपा, बिळे दगड-मुरमाने बुजवा.

इथे एका गोष्टीला माझा स्पष्ट विरोध आहे. भिंत खराब दिसू लागली की गवंडी सिमेंटचा गिलावा सुचवतो. घर पक्के झाल्यासारखे दिसते आणि पाहुण्यांत मान राहतो. पण मातीच्या भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडायला वाट लागते. सिमेंटने ती वाट बंद होते. आत भिंतीचा चिखल होत राहतो, बाहेरून गिलावा गुळगुळीत दिसतो, आणि एखाद्या झडीत भिंत बसते. साध्या मातीच्या लिंपणावर निदान भेग तरी दिसते. तेलरंगाचेही तसेच. मातीच्या भिंतीला माती, शेण आणि भुसा यांचे लिंपण आणि वर चुना, हेच योग्य.

चुन्याची सफेदी बायका हौसेने करतात, म्हणून दोन शब्द. कळीचा चुना विरवताना पिंपात आधी पाणी घ्यावे आणि त्यात खडे थोडे थोडे सोडावेत. खड्यांवर पाणी ओतले तर उकळी फुटून शिंतोडे उडतात, आणि चुना डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. पोरांना लांब ठेवा, डोळ्यांवर चष्मा लावा. शिंतोडा उडालाच तर डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटे सोडा आणि लगेच दवाखाना गाठा. विरलेला चुना दिवसभर मुरवून फडक्यातून गाळावा. त्यात डिंकाचे पाणी घातले म्हणजे अंगाला पांढरे लागत नाही. थोडी नीळ टाकली की पिवळेपणा जातो. एकच जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्या, आणि खाली गेरूचा पट्टा ओढला की भिंत उठून दिसते. सफेदीचा आणखी एक उपयोग आहे. पांढऱ्या भिंतीवर वाळवीची मातकट नळी आणि नवी भेग चटकन दिसते.

भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना कोळशाने खूण करा आणि तारीख लिहा. पंधरा दिवसांत ती खुणेच्या पुढे गेली, किंवा भिंतीने पोट काढले, रोज लागणारे दार अचानक अडकू लागले, छतातून मातीचा भुगा गळू लागला, कडी कुरकुरू लागली, तर त्या खोलीत झोपणे बंद करा. झड लागली असेल तर रात्रीची वाट न पाहता मुलांना, म्हाताऱ्यांना आणि दावणीच्या जनावरांना घेऊन शाळेत किंवा देवळाच्या सभामंडपात जा. पाऊस उघडला म्हणून लगेच परतू नका. भिजलेल्या भिंती बऱ्याचदा ऊन पडल्यावर पडतात. दोन-तीन दिवस कोरडे जाऊ द्या, बाहेरून फिरून भिंत पाहा, मग आत पाऊल टाका.

काही जण म्हणतील, हा सगळा व्याप कशाला, सरळ पत्रे टाकू. ऐपत असेल तर टाका. पण उन्हाळ्यात माळवदाखालचा गारवा पत्र्याखाली मिळत नाही हे ध्यानात असू द्या, आणि पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर दगड तर मुळीच ठेवू नका. वावटळीत पत्रा उचलला की तोच दगड खाली येतो. पत्रा वाशाला आकड्याच्या बोल्टने आवळावा.

माळवद उतरवताना घरातल्या कणग्या आणि पोती बाहेर काढावी लागतीलच. धान्याला ऊन कसे द्यावे, कणगी कशी लिंपावी आणि धान्यात घालायच्या विषारी गोळ्या राहत्या घरात का वापरू नयेत, हे पुढील अंकी पाहू.