हेडमास्तरांनी कुणाला विचारायचं?



शिक्षकांच्या व्यथांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मुलांच्या दप्तराच्या ओझ्यावर लिहिणारे तर त्याहून जास्त. मुख्याध्यापकाची बाजू घेऊन लिहिलेलं मात्र माझ्या फारसं वाचनात आलेलं नाही. मधल्या सुट्टीत चहाबरोबर हेडमास्तर चघळायचे, हा सगळ्याच शाळांचा जुना रिवाज. त्यांच्या खुर्चीत बसून पाहावं असं फार कुणाला वाटत नाही. ज्याला वाटतं तो दोन वर्षांत गोळ्या सुरू करतो, एक सकाळची, एक रात्रीची.

आज लिहायचं आहे ते कॅथलिक शाळांच्या मुख्याध्यापकांविषयी. माझी सगळी नोकरी वसईतल्या अशाच एका मराठी माध्यमाच्या शाळेत गेली. पुण्या-नागपूरकडच्या वाचकांना अजून आश्चर्य वाटतं म्हणून सांगते, आम्ही वसईचे ख्रिस्ती पिढ्यान्पिढ्या मराठीच. घरात आपापली बोली, चर्चमध्ये मराठी मिस्सा आणि शाळाही मराठी. आता इंग्रजीची लाट आली आहे, पण तो वेगळा विषय.

नोकरीत मी पाच हेड पाहिले. पहिले दोघे फादर, मग एक सिस्टर आणि शेवटचे दोघे आमच्यासारखेच संसारी. माझ्या मते सगळी गोम या क्रमातच आहे.

फादर हेडमास्तर असताना त्यांना अडचणी नव्हत्या असं नाही. पण संध्याकाळी शाळेला कुलूप लावलं की ते धर्मगुरुनिवासात जायचे. तिथे जेवणाच्या टेबलावर दुसरे दोन फादर असायचे, त्यांतला एखादा स्वतः पूर्वी कुठेतरी हेडमास्तर झालेला असायचा. सिस्टरांचंही तसंच. कॉन्व्हेंटमध्ये एखादी म्हातारी सिस्टर असायचीच, जिने तीस वर्षं शाळा चालवलेली. आमच्या सिस्टर शिक्षणाधिकाऱ्यांकडून रडवेल्या होऊन आल्या तरी दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेला ताठ उभ्या असायच्या. रात्री कुणीतरी ऐकून घेतलेलं असायचं, आणि ‘अगं, माझ्या वेळी तर याहून वाईट झालं होतं’ असंही सांगितलेलं असायचं. शिवाय काही वर्षांनी बदली ठरलेली. या व्यवस्थेला कुणी ‘मुख्याध्यापकांना आधार’ वगैरे नाव दिलं नव्हतं. ते ताटासोबत मिळायचं.

आता फादर-सिस्टर कमी झाले. बहुतेक ठिकाणी हेडच्या खुर्चीत प्रापंचिक माणूस बसतो. शाळेची जबाबदारी फादरांकडून त्याच्याकडे आली, पण ते जेवणाचं टेबल आलं नाही. तो घरी जातो तेव्हा तिथे मुलाची फी, आईचा डायबेटिस आणि नळाला पाणी नाही.

त्याला वरिष्ठ दोन. पहिला म्हणजे शाळेचा व्यवस्थापक, बहुतेक ठिकाणी त्या धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू. दुसरा म्हणजे शिक्षण खातं. पगार खात्याच्या अनुदानातून येतो आणि नेमणूक व्यवस्थापनाकडून. गंमत पाहा, जो व्यवस्थापक म्हणून कारणे दाखवा नोटीस देऊ शकतो, तोच रविवारी वेदीवर असतो, तोच पापनिवेदन ऐकायला बसतो आणि मुलीच्या लग्नाची तारीखही त्याच्याच वहीत. दुसऱ्या कुठल्या नोकरीत साहेब आणि धर्मगुरू एकच असतो? बरेचसे फादर चांगलेच असतात, हे मी पदराला गाठ मारून सांगते. पण माणूस कितीही चांगला असला तरी ‘फादर, मला हे झेपत नाही’ हे वाक्य त्याच्यापाशी बोलताना जीभ अडखळते. उद्या ते सेवापुस्तकात उमटेल की काय, ही धास्ती मनात असते.

त्यात निवडीचा प्रश्न. इतर खाजगी शाळांत मुख्याध्यापकपद साधारण सेवाज्येष्ठतेने येतं. राज्यघटनेच्या ३० व्या कलमामुळे अल्पसंख्याकांना स्वतःच्या संस्था चालवायचा हक्क आहे, आणि आपल्या राज्याच्या १९७७ च्या सेवाशर्ती कायद्यात अल्पसंख्याक शाळांना मुख्याध्यापक आणि आणखी तीन जण आपल्या पसंतीने नेमायची मोकळीक आहे. केरळातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितलं की मुख्याध्यापक निवडणं हा व्यवस्थापनाच्या अधिकाराचा अगदी महत्त्वाचा भाग आहे. कायदा म्हणून मला तो मान्य आहे. शाळेचा आत्मा टिकवायचा तर चालवणारा माणूस निवडता आलाच पाहिजे. पण ज्याची निवड होते त्याचं काय होतं तेही बघा. काल ज्यांच्याबरोबर एका डब्यात जेवला, त्यांतले चौघे त्याच्याहून ज्येष्ठ. आज तो केबिनमध्ये आणि ते स्टाफरूममध्ये. ‘फादरांचा माणूस’ हा शिक्का पहिल्याच दिवशी बसतो. म्हणजे स्टाफरूमचंही दार बंद.

खात्याच्या कामाबद्दल लिहायला लागले तर लेख संपायचा नाही. आमच्या वेळी कामासाठी ठाण्याला खेपा घालाव्या लागत. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, तेव्हापासून खेपांची दिशा बदलली. आता पगार शालार्थवर, शाळेची माहिती यू-डायसवर, मुलांचे आधार क्रमांक जुळले नाहीत तर ती मुलं पटावर असून नसल्यासारखी. पट घसरला की संच मान्यतेत पद जातं आणि एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. तो अतिरिक्त शिक्षक म्हणजे कागदावरचा आकडा नसतो, शेजारच्या आळीतला माणूस असतो. त्याला ते सांगायचं काम हेडचं. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतल्या शिपायांच्या पदांऐवजी ठोक भत्ता द्यायचं ठरलं. जुना शिपाई निवृत्त झाला की त्या भत्त्यात माणूस टिकत नाही. मग घंटा वाजवण्यापासून मुख्याध्यापकाचा दिवस सुरू होतो. बी.एड. करताना हा विषय आम्हाला नव्हता बुवा!

माझा एक जुना विद्यार्थी एका शाळेत हेड झाला. नाव-गाव सांगत नाही. मिस्सा झाली की दर दोन-तीन रविवारी तो फाइल काखेत मारून आमच्याकडे यायचा. ओटीवर बसायचा, चहा घ्यायचा आणि तासभर बोलायचा. त्याच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला ठाऊक नसत. शालार्थ म्हणजे काय तेही त्यानेच मला समजावलं. एकदा मी म्हटलं, “अरे, मी साधी मराठीची शिक्षिका. मला यातलं काय कळतं? तू बिशप हाऊसमध्ये विचार, मुख्याध्यापक संघात विचार.” तो म्हणाला, “बाई, तिथे विचारलं की विचारलेलं लक्षात राहतं. तुमच्याकडून माझं बरं होणार नाही आणि वाईटही होणार नाही, म्हणून येतो.”

मला त्याचं म्हणणं पटलं आणि आजही पटतं. मुख्याध्यापकाला मदत करायला माणसं आहेत, नाही असं नाही. शिक्षण मंडळ आहे, प्रशिक्षण शिबिरं आहेत, केंद्रप्रमुख आहेत. पण मदत करणारा प्रत्येक जण त्याला मार्कही देणारा आहे. ज्याच्या हातात आपला गोपनीय अहवाल आहे त्याच्यापुढे कुणी आपलं अज्ञान उघडं करत नाही. वर्गातल्या मुलाला हे कळतं, ते शंका बाईंना न विचारता शेजारच्याला विचारतं. हेडमास्तरांच्या शेजारी बाक नाही.

याने काय बिघडतं ते सांगते. लैंगिक अत्याचारापासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. शाळेतल्या कुणाविरुद्ध अशी गोष्ट कळली आणि संस्थेच्या प्रमुखाने पोलिसांना कळवली नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या प्रकरणात साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं की शाळेने वेळेत हालचाल केली नाही तर काय आगडोंब उसळतो. आता कल्पना करा, संध्याकाळी सात वाजता एक आई हेडच्या दारात येऊन उभी राहते. ज्याच्याबद्दल ती बोलते तो वीस वर्षांचा सहकारी. व्यवस्थापकांना फोन लावला आणि ते म्हणाले, ‘उद्या सकाळी बसून ठरवू, नाव खराब होईल,’ तर? त्या घटकेला ‘ठरवायचं काही नाही, आत्ताच्या आत्ता पोलीस स्टेशनला जा, मी बरोबर येते’ असं म्हणणारा एक आवाज हवा. तो नसेल तर मूल भरडलं जातं. म्हणून हेडची काळजी म्हणजे हेडचे लाड नव्हेत.

दुसरं उदाहरण साधं आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी शिल्लक आहे त्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायची. अल्पसंख्याक शाळांना हे लागू की नाही, तो प्रश्न मात्र मोठ्या पीठाकडे सोपवला. झालं! दुसऱ्या दिवशी प्रत्येक अल्पसंख्याक शाळेतले शिक्षक हेडच्या टेबलाभोवती. ‘सर, आम्हाला द्यावी लागणार का?’ सरांना काय माहीत? ‘मला माहीत नाही’ म्हणायची सोय त्या खुर्चीला नसते.

चर्चने या विषयावर विचार केलेला नाही असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ख्रिस्ती शिक्षणावर घोषणापत्र काढलं. पुढे १९८२ मध्ये रोमहून शाळांतल्या प्रापंचिक कॅथलिकांविषयी एक पत्रक निघालं. त्यात प्रापंचिकांना सन्मानाने जगता येईल असा पगार, लेखी करार आणि शाळेच्या जबाबदारीत खरा सहभाग हवा असं स्पष्ट म्हटलं आहे. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने एप्रिल २०२४ मध्ये शाळांना सूचना दिल्या. परिपाठाला घटनेची उद्देशिका म्हणावी, आपल्या चालीरीती दुसऱ्या धर्माच्या मुलांवर लादू नयेत, वगैरे. मला त्या आवडल्या. उद्या कुणी गेटवर येऊन आरडाओरड केली तर हेडला दाखवायला एक कागद तरी झाला. पण कागदाला फोन करता येत नाही.

आणि एक शब्द मला खटकतो, तो म्हणजे ‘सेवा’. हेडने क्लार्क मागितला की ‘ही सेवा आहे’, सुट्टी मागितली की ‘सेवेला सुट्टी नसते’. सेवा खरीच, पण सेवा करणाऱ्यालाही दोन हातच असतात. वर्षाकाठी तपसाधना ठेवली की हेडना आधार दिला असं काहींना वाटतं. तपसाधनेने मन शांत होतं, माझंही होत आलं आहे. संच मान्यतेतली चूक मात्र तिने दुरुस्त होत नाही.

मग करायचं काय? माझं म्हणणं अगदी बाळबोध आहे. आपल्याकडे शाळेतला माणूस अठ्ठावन्नला निवृत्त होतो. त्या वयाला हल्ली कुणी म्हातारं म्हणत नाही. प्रत्येक धर्मप्रांताने चार-पाच निवृत्त मुख्याध्यापक निवडावेत, फादर-सिस्टर आणि संसारी दोन्ही, आणि नव्या हेडला त्यांतला एक नेमून द्यावा. पहिली दोन वर्षं महिन्यातून एकदा त्याच्या शाळेत नव्हे, बाहेर कुठेतरी भेट, आणि अडीअडचणीला फोन. त्या माणसाने वर कुणालाही अहवाल द्यायचा नाही. मुलांच्या सुरक्षिततेची गोष्ट असेल तर मात्र गुप्तता नाही, हे आधीच ठरलेलं. शिवाय जुन्या आणि नव्या हेडने निदान एक सत्र बरोबर काम करावं. आत्ता चार्ज म्हणजे किल्ल्या, डेडस्टॉक रजिस्टर आणि पेढे. आणि व्यवस्थापकांनी कशात लक्ष घालायचं, कशात नाही, हे एका पानावर लिहून दोघांनी सही करावी. फादर बदलले की नियम बदलतात, याचा त्रास मी बाहेरून पाहिला आहे.

यावर माझ्या धाकट्या दिरांचं म्हणणं असं, की जिल्हा परिषदेच्या हेडमास्तरांचे हाल काय कमी आहेत? नाहीतच. दोन शिक्षकी शाळेचा हेड शिकवतोही आणि खिचडीचा तांदूळही मोजतो. पण त्याचा साहेब एक, आणि साहेबावर रागावला तरी त्याचं चर्चमध्ये, माफ करा, देवळात जायचं अडत नाही.

दुसरा आक्षेप मीच घेते. निवृत्त माणसाला ऐकण्यापेक्षा बोलायची हौस जास्त. ‘आमच्या वेळी’ सुरू झालं की समोरच्याचा प्रश्न राहतो बाजूला. शिवाय माझ्यासारखीला शालार्थ समजत नाही. म्हणून निवृत्त होऊन पाच-सात वर्षांपेक्षा जास्त झालेले यात नकोत. म्हणजे मी आपोआप बाद, घरच्यांनी निश्चिंत असावं.

आमच्या ओळखीत अशा दोघांना मी विचारून ठेवलं आहे. एक सिस्टर, त्या लगेच हो म्हणाल्या आणि कुणाचा नंबर द्यायचा ते विचारू लागल्या. दुसरे सर म्हणाले, आधी मोतीबिंदू काढून घेतो, मग बघू.