कवच आणि देवदूत

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घट बसला, पहिली माळ चढली, अखंड दीप तेवू लागला, की आमच्याकडे घरोघर सायंकाळी देवीकवचाचा पाठ सुरू होतो. पूर्वेचे रक्षण ऐंद्रीकडे, दक्षिणेचे वाराहीकडे. दिशा संपल्या की देहाचा एकेक अवयव जगदंबेच्या एकेका रूपाच्या स्वाधीन करावयाचा आणि मग निर्धास्त निजावयाचे. रामरक्षेचा क्रम हाच आणि भागवताच्या सहाव्या स्कंधातील नारायणकवचाचाही हाच. याच सुमारास ख्रिस्ती पंचांगातही रक्षणाचेच दोन दिवस येतात, हे आमच्या वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. २९ सप्टेंबर हा मीखाएल, गब्रीएल व रफाएल या महादूतांचा, आणि २ ऑक्टोबर हा माणसामाणसाच्या पाठीशी उभ्या असलेल्या रक्षक देवदूतांचा. हा दुसरा दिवस कॅथलिक पंथाने सर्वत्र पाळावा, असे दहाव्या क्लेमेंट पोपांनी १६७० साली ठरविले. नवरात्राच्या पानावर परक्यांचे पुराण कशासाठी, असे कोणी विचारील. तर एका प्रश्नाने आम्हांस आमच्याच कीर्तनात निरुत्तर केले होते आणि त्याची वाट आम्हांस या परक्या पुराणातून फिरून घरी आल्यावर सापडली, एवढेच त्याचे कारण.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. येथे नाशिकातच गोदाकाठच्या एका मंदिरात नवरात्राचे कीर्तन होते. पूर्वरंगास शरणागतीचा विषय घेतला होता. शास्त्रकारांनी शरणागतीची सहा अंगे सांगितली आहेत. त्यांत 'तो रक्षण करीलच' हा विश्वास हे एक अंग. त्यावर आम्ही तासभर बोललो आणि चांगले बोललो असे आमचे आम्हांसच वाटले. आरती झाली, मंडळी नमस्कारास पुढे येऊ लागली. नेहमी पुढच्या रांगेत खांबाशी बसणाऱ्या एक बाई आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "बुवा, माझा मुलगा तीन दिवसांच्या तापाने गेला. तो तान्हा असल्यापासून त्याच्या उशाशी मी रोज रामरक्षा म्हणत आले. मग राम कुठे होता?"

आम्ही 'प्रारब्ध' हा शब्द उच्चारला. त्याच्या पुष्ट्यर्थ एक संस्कृत श्लोकही म्हटला. बाईंनी नमस्कार केला आणि त्या निघून गेल्या. दुसऱ्या माळेस खांबाशी त्या नव्हत्या. पुढे कधीच नव्हत्या. आम्ही सांगितले ते शास्त्राविरुद्ध नव्हते. पण पुत्रशोकाने पोळलेल्या आईच्या ओंजळीत आम्ही कोरडा निखारा टाकला, हे उमजण्यास आम्हांस काही वर्षे लागली.

ती उमज आली एका मिशनरी रुग्णालयात. डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. पट्टी सुटल्यावर समोरच्या भिंतीवर पहिल्यांदा दिसली ती एक तसबीर. खाली खळाळता ओढा, वर मोडकळीस आलेला लाकडी साकव, त्यावरून हात धरून चाललेली दोन लहान मुले, आणि त्यांच्या पाठीशी पंख पसरून उभा असलेला देवदूत. मुलांचे त्याच्याकडे लक्षही नाही. असली चित्रे ख्रिस्ती घरांत पुष्कळ आढळतात. देखरेखीस असलेल्या सिस्टर नगरकडच्या, वयाने प्रौढ, मराठी अगदी घरगुती. त्या म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, आमच्या घरीही हीच तसबीर आहे. माझा धाकटा भाऊ विहिरीत बुडाला तेव्हाही ती भिंतीवर होती." आमच्या तोंडून नको तो प्रश्न निघून गेला: "मग ती उतरवली नाही?" त्यांनी औषधाचा थेंब डोळ्यात सोडला आणि म्हणाल्या, "आई उतरवू देईना. म्हणाली, माझं पोर बुडालं, पण एकटं नाही बुडालं." मग जाता जाता, एखाद्यास पथ्य सांगावे तसे त्यांनी सांगितले, "प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय वाचा, बुवा."

आम्ही तो वाचला. आणि बारावाच कशाला, सवयीप्रमाणे मागचे-पुढचेही वाचले.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. देवदूत म्हणजे ख्रिस्ती लोकांची दुय्यम दैवते नव्हेत. ग्रीक 'अंगेलोस' काय किंवा हिब्रू 'मलाख' काय, अर्थ एकच, निरोप्या. मराठी बायबलाने योजिलेला 'देवदूत' हा शब्द म्हणूनच चोख आहे. प्रकटीकरणाच्या ग्रंथात योहान देवदूताच्या पाया पडू लागतो, तेव्हा देवदूतच त्याला थोपवितो. आपण तुझ्यासारखाच एक सेवक, वंदन करावयाचे ते देवाला, असे बजावतो. अजामिळाला सोडविण्यास आलेले विष्णुदूत डोळ्यांपुढे आणावेत म्हणजे वाचकांस हे नाते कळेल. प्रत्येक माणसास स्वतंत्र रक्षकदूत असतो, असे कॅथलिक शिकवितात. प्रॉटेस्टंट मंडळी याविषयी जपून बोलतात. या श्रद्धेची भाषा आम्हांस फारशी परकी वाटली नाही, याचेही कारण आहे. आयरिश लोकांत संत पॅट्रिकच्या नावावर एक जुने रक्षास्तोत्र चालते. असल्या स्तोत्रांना लॅटिनमध्ये 'लोरिका' म्हणतात, आणि लोरिका म्हणजे शब्दशः कवच! त्यातही देवदूतांच्या सेवेचे बळ अंगावर चढवावयाचे आणि पुढे-मागे, वर-खाली ख्रिस्तालाच उभे करावयाचे. पॅट्रिक पाचव्या शतकातला, स्तोत्र मात्र त्यानंतरचे, असे पंडित म्हणतात. आमच्या स्तोत्रांच्या कर्तृत्वाविषयीही पंडित असेच म्हणत असतात, असो. मराठीपुरते बोलावयाचे तर फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचून १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापविले, आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तकथा कीर्तनाच्या चौकटीत उभी केली. तेव्हा आम्ही कीर्तनकारांनी या अंगणात पाऊल टाकणे म्हणजे शेजारधर्मच.

आता विश्वासाकडे वळू. देवदूतांच्या रक्षणाचे सर्वांत मोठे आश्वासन बायबलात आहे ते स्तोत्रसंहितेच्या ९१व्या स्तोत्रात. देव आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, ते तुला अलगद झेलतील, पायाला दगडाची ठेचही लागू देणार नाहीत, असा त्याचा आशय. आणि गंमत अशी की शुभवर्तमानांत हे आश्वासन उच्चारतो कोण, तर सैतान! येशूला तो यरुशलेमच्या मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, टाक उडी, शास्त्रात लिहिलेच आहे. येशू उडी टाकीत नाही. देवाची परीक्षा पाहू नये, एवढेच तो शास्त्राधारे सांगतो. बाराव्या शतकातील संत बर्नार्डने या एका स्तोत्रावर सतरा प्रवचने केली. त्याने नेमके बोट ठेविले आहे, ते असे: मूळ स्तोत्रात रक्षण सांगितले आहे ते माणसाच्या 'मार्गांत', आणि सैतानाने उद्धृत करताना तेवढेच शब्द गाळले. शिखरावरून खाली हा मार्ग नव्हे, तो नाश! पाठभेद ओळखणाऱ्या आमच्यासारख्याने येथे बर्नार्डला हात जोडावे.

हे सैतानी भाष्य आजही जोरात आहे. तिकडे देवदूतांचे पत्ते आणि देवदूतांचे आकडे विकले जातात. इकडे कवचे, यंत्रे, ताईत टपालाने घरपोच येतात. गाडीत देवाची तसबीर लावून घाटाच्या वळणावर पुढच्या गाडीस ओलांडणारा आम्ही कित्येकदा पाहिला आहे. त्याला तो श्रद्धा म्हणतो.

पण खांबाशी बसणाऱ्या त्या बाईंनी कोठून उडी टाकली होती? त्यांनी रक्षण मागितले ते मार्गावरच मागितले. येथे बारावा अध्याय उघडावयाचा.

हेरोद राजाने ख्रिस्ताच्या शिष्यांचा छळ मांडला आहे. पेत्र तुरुंगात आहे. चार-चार शिपायांचे चार पहारे, दोन साखळ्या, दोन शिपायांच्या मध्ये तो निजलेला. आणि उद्या त्याला लोकांपुढे आणावयाचे आहे. निजलेला म्हणजे खरोखरच गाढ, कारण देवदूताला त्याला कुशीत डिवचून उठवावे लागते. साखळ्या गळून पडतात. मग देवदूत त्याला कंबर बांधावयास, पायांत वहाणा घालावयास, झगा पांघरावयास सांगतो. साखळी पेत्राच्याने तुटण्याजोगी नव्हती, ती दूताने तोडली. वहाणा पेत्राला घालता येत होत्या, त्या त्याच्या त्यालाच घालाव्या लागल्या! लोखंडी वेस आपोआप उघडते, एक आळी सोबत करून दूत निघून जातो. पेत्र मरीयेच्या घराचे दार ठोठावितो. आत त्याच्याचसाठी प्रार्थना चालली आहे. रूदा नावाची दासी आवाज ओळखते, पण आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावते. आणि प्रार्थना करणारे म्हणतात, तुला वेड लागले, पेत्र कसला, त्याचा देवदूत असेल! आपल्या प्रार्थनेस फळ आलेले पाहण्यास आपणच सर्वांत शेवटी तयार असतो.

आमचे वाचक एव्हाना मथुरेच्या कारागृहात पोहोचले असतील. वसुदेवाच्या बेड्या अशाच गळाल्या, द्वारे अशीच उघडली, पहारेकरी असेच निजले. आम्हीही पहिल्या वाचनी तेथेच पोहोचलो आणि खूष झालो. पण सिस्टरांनी हा अध्याय आम्हांस खूष करण्यासाठी सांगितला नव्हता. त्याच्या आरंभीच, पेत्राच्या अटकेपूर्वी, एकच वाक्य आहे: योहानाचा भाऊ याकोब याला हेरोदाने तलवारीने ठार केले. बस्स. त्याच्यासाठी देवदूत आला नाही. याकोब काही कमी प्रतीचा शिष्य नव्हे. पेत्र, याकोब आणि योहान हे तिघे ख्रिस्ताच्या अगदी निकटचे. एकच राजा, एकच काळ. एकासाठी वेस उघडली, एकासाठी नाही. ग्रंथकार कारण देत नाही. 'प्रारब्ध' म्हणत नाही, याकोबाची श्रद्धा उणी पडली असेही म्हणत नाही. दोन्ही गोष्टी एकाच पानावर ठेवतो आणि पुढे जातो. याच याकोबाच्या आईने पूर्वी ख्रिस्ताकडे मागणे घातले होते की तुझ्या राज्यात माझे दोघे पुत्र तुझ्या उजव्या-डाव्या हातास बसावेत. आणि त्याने उलट विचारले होते की मी पिणार तो प्याला यांना पिता येईल काय. तो प्याला ख्रिस्तालाही टळला नाही. देवदूतांच्या बारा सेना मागवून घेता आल्या असत्या, असे तो स्वतः म्हणतो. पण मागवीत नाही. गेथशेमानेच्या बागेत, लूकच्या सांगण्याप्रमाणे, देवदूत येतो खरा, पण प्याला काढून घेण्यास नव्हे, बळ देण्यास. लूकच्या काही अतिप्राचीन पोथ्यांत हा भाग नाही, हे पोथीवाल्या माणसाने नमूद केलेच पाहिजे. पण नगरकडच्या त्या आईने तो ऐकला होता, याविषयी आम्हांस शंका नाही.

पुस्तक मिटले आणि पुन्हा मथुरेच्या त्याच कारागृहाकडे पाहिले, तो आयुष्यभर ज्या कथेवर पोट भरले तीच निराळी दिसू लागली. द्वारे उघडली ती आठव्यासाठी. त्याच्या आधी सहा मुले मारली गेली. आम्ही शेकडो जन्मोत्सवांत ती सहा बाळे एका श्वासात ओलांडून पुढे गेलो, कारण पाळणा हलवावयाची घाई असे. देवकी मात्र ओलांडून गेली नाही. दशम स्कंधाच्या ८५व्या अध्यायात, कंसवधाला कितीतरी काळ लोटल्यावर, श्रीकृष्ण द्वारकाधीश झाल्यावर, ती माता एके दिवशी त्याला म्हणते की गुरूचा गेलेला पुत्र तू परत आणलास म्हणे. मग माझे ते सहा मला एकदा दाखव. प्रत्यक्ष परमात्मा पोटी आलेल्या आईनेही हे विचारले! आणि भगवंताने तिला प्रारब्ध शिकविले नाही. बलरामासह तो सुतलात बळीकडे गेला, मुलांना घेऊन आला. देवकीने त्यांना पदराखाली घेतले, पाजले. ती राहिली नाहीत. सर्वांच्या देखत देवलोकी निघून गेली. पण तिच्या प्रश्नाला कोणी अश्रद्धा म्हटले नाही.

हा अध्याय आम्हांस त्या रात्री पाठ होता. तोंडी आला तो दुसराच श्लोक.

यंदा सातव्या माळेस उत्तररंगासाठी आम्ही देवकीच्या त्या सहा पुत्रांचेच आख्यान घेतले आहे. मंदिर तेच, वेळ रात्री नऊची. त्या बाई हयात असल्या, हे पान त्यांच्या घरी येत असले, तर त्यांनी अवश्य यावे. खांबाशी असलेली त्यांची जागा मोकळी ठेवण्यास आम्ही व्यवस्थापकांस सांगून ठेविले आहे.